भिकोबाचे खरे वारस

माझा मामा वेंकोबा बहात्तर वर्षांचा आहे. आपला पणजोबा विठोबा, खापरपणजोबा वेंकोबा आणि त्याचा बाप भिकोबा ही नावं तो झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगतो. चष्मा कुठे ठेवला हे मात्र त्याला रोज सकाळी मामीला विचारावं लागतं. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, मार्केटच्या मागच्या गल्लीत, त्याचं शिंप्याचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू आहे, आणि मामा वरच्या मजल्यावर खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या कपड्यांवर शेरे मारतो. "खांदा बघ कसा उतरलाय. रेडीमेड! अय्यो, ती कॉलर!" हे सगळं अशा आवाजात, की ज्याची कॉलर असेल त्याने वर बघितलंच पाहिजे.

मी त्याची भाची विद्याश्री. कॉलेजात कन्नड शिकवून निवृत्त झाले. मला जुनं हस्ताक्षर वाचता येतं, गाडी चालवता येते आणि नाही म्हणता येत नाही, या तीन कारणांनी मामाने मला या प्रकरणात ओढलं. यातलं तिसरं कारण त्याच्या मनचं आहे. मी चार वेळा स्पष्ट नाही म्हटलं होतं.

प्रकरण असं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले, घरात मराठी बोलणारे शिंपी. गल्लीच्या टोकाला आमच्या लोकांचं विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला देवाला नवा अंगरखा घालतात. तो मशीनवर शिवायचा नाही, हातानेच शिवायचा. देवाला टेप लावायची नाही. पुजारी गाठी मारलेला एक दोरा आणून देतो, त्या गाठी म्हणजे देवाची मापं. सुईत ओवताना दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं नाही, कारण ते उष्टं होतं. आणि शिवणाऱ्याने घरी दार लावून, कुणाशी न बोलता, एका बैठकीत शिवून उठायचं. हा मान भिकोबाच्या वंशाचा, कारण देऊळ भिकोबाने उभं केलं. बाईने त्या अंगरख्याला सुई लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण न लिहिलेलं आमच्याकडे जास्त कडक पाळतात.

मामा गेली एक्केचाळीस वर्षं तो अंगरखा शिवतोय. म्हणजे लोकांच्या समजुतीने एक्केचाळीस, खरं तर अडतीस. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्या थरथरीला एक इंग्रजी नाव दिलं, ते मामाने स्वीकारलं नाही. तेव्हापासून दार लावून आत शिवते ती माझी मामी, कृष्णवेणी, आणि मामा तिच्यासमोर सोवळं नेसून गप्प बसतो. बाहेर लोक म्हणतात, वेंकोबाची सुई अजून तशीच. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

आता रंगनाथ. यालाही भिकोबाचा वारस व्हायचं होतं. रंगनाथ सहासष्ट वर्षांचा, कडकोळला त्याचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे. सभेत मामा त्याला 'रंगनाथराव' म्हणतो आणि घरी 'रंग्या'. दोन्ही घरांतली कथा एकच: भिकोबाला दोन मुलगे, थोरला वेंकोबा आणि धाकटा रंगनाथ. मामा थोरल्याच्या वंशातला, रंगनाथ धाकट्याच्या. इथपर्यंत एकमत. पण रंगनाथच्या घरी असंही सांगतात, की थोरला हा खरा मुलगा नव्हेच, काम शिकायला ठेवलेला उमेदवार होता. आणि आमच्याकडे सांगतात, की धाकटा देवळाच्या पायरीवर सापडला होता. नऊ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात पंगतीत या दोन्ही कथा एकाच वेळी मोठ्याने सांगितल्या गेल्या. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

गेल्या वर्षी देवळाच्या कमिटीने ठरवलं, की भिकोबा आणि त्याच्या वारसांची नावं असलेली शिळा बसवायची, आणि अंगरख्याचा मान कायमचा कुणाचा ते त्या शिळेवर कोरून टाकायचं. कमिटीचे अध्यक्ष हयग्रीवराव कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते घरात बायकोलाही "पुरावा काय?" विचारतात. त्यांनी दोघांना नोटीस काढली: दसऱ्यापर्यंत पुरावा आणा.

"अडतीस वर्षं शिवलं, आता पुरावा मागतात!" मामा गरजला.

"एक्केचाळीस म्हणा," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली. "सभेत चुकून अडतीस म्हणाल."

मग आम्ही नजरबादला जायला लागलो. तिथल्या एका सरकारी कचेरीत जुन्या दप्तराची खोली आहे. सुमा नावाची एक शांत बाई ती सांभाळते. मामाने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, की तुझ्या ब्लाऊजची बाही एक बोट जास्त झालीय. मी जमिनीत शिरायचीच राहिले होते. सुमाने बाहीकडे बघितलं आणि म्हणाली, "हौदु सर, मलाही तसंच वाटत होतं." त्या दिवसापासून आम्हाला तिथे कधी काही कमी पडलं नाही.

पहिला महिना आम्ही जन्ममृत्यूच्या नोंदीत घालवला. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. त्यामुळे मामाच्या घरात वेंकोबाचा विठोबा, विठोबाचा वेंकोबा, पुन्हा वेंकोबाचा विठोबा. रंगनाथच्या घरात रंगनाथ आणि गोविंद असेच आळीपाळीने. एके दिवशी मामाने एका ओळीवर बोट ठेवलं आणि पांढरा पडला. वेंकोबा, शिंपी, देवराज मोहल्ला, मृत्यू. मी दोन वर्षांनंतरच्या एका वहीत वाचलं: वेंकोबा, शिंपी, देवराज मोहल्ला, विवाह.

"मेल्यावर लग्न केलं?" मामा कुजबुजला.

"मामा, तो आजोबा, हा नातू."

"मग स्पष्ट लिहायला काय झालं होतं!" त्याने दीडशे वर्षांच्या कारकुनांना एकदम झापलं. पण या घोटाळ्यात मामाचा एक आख्खा आठवडा आपला आजोबा आणि पणजोबा दोनदा मोजण्यात गेला, आणि त्यामुळे त्याच्या वंशावळीत दोन पिढ्या जास्त झाल्या. रंगनाथपेक्षा आपल्या पिढ्या जास्त आहेत म्हणून तो खूश होता. चूक दाखवल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

भिकोबापर्यंत कागद पोचेना. तेव्हा हयग्रीवरावांनीच मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघून डीएनएची टूम काढली. मामाची नात अन्विता बंगळूरला नोकरी करते, तिने दोन किट मागवले. थुंकी एका नळीत भरून पाठवायची, एवढंच.

एवढंच म्हणणाऱ्याला आमची माणसं माहीत नाहीत. पहिली गोष्ट, दोघांनाही खात्री होती की दुसरा भलत्याचीच थुंकी पाठवेल. तेव्हा कमिटीसमोर थुंकायचं ठरलं. कमिटी बसते देवळात. देवळात थुंकायचं? पुजारी संतापून घरी निघून गेला. मग मामाच्या घरी असं ठरलं. मामीने दारात आडवी उभी राहून सांगितलं, "बेड, नको! परक्याचं उष्टं माझ्या घरात नको. ह्यांचंही नको."

शेवटी गल्लीत, भर रस्त्यात, दोन खुर्च्या मांडल्या. मागच्या भिंतीवर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत 'इथे थुंकू नये' लिहिलेलं होतं. आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, हा नियम. दोघंही सुपारीवाले. हयग्रीवराव मनगटावरचं घड्याळ बघत मधे उभे. नऊ वर्षांनी दोघं एकमेकांच्या शेजारी बसले होते आणि दोघांची तोंडं कोरडी पडली होती. आजूबाजूला फुलवाले, विड्याची पानं विकणारे, दोन विदेशी प्रवासी अशी गर्दी जमली. वीस मिनिटं झाली तरी नळ्या रिकाम्याच.

वरून खिडकीतून मामी ओरडली, "चिंच आठवा! कोवळी चिंच, वर मीठ-तिखट!"

सगळ्या गल्लीच्या तोंडाला पाणी सुटलं. रंगनाथची नळी आधी भरली, आणि मामा अजूनही म्हणतो की त्या चिंचेची आठवण आपल्या बायकोने करून दिलेली होती, तेव्हा ते यश आपलं.

दीड महिन्याने अन्विताचा व्हिडिओ कॉल आला. तिचं मराठी जेमतेम चार खोल्यांपुरतं आहे, पण मुद्दा तिने नीट सांगितला. "अज्जा, बापाकडून मुलाला, मुलाकडून त्याच्या मुलाला, अशी एक लाईन जाते ना? ती तुमची आणि रंगनाथ अंकलची वेगळी आहे. टोटली वेगळी. म्हणजे तुम्ही दोघं एका बापाच्या दोन मुलांचे नसणार. पण दुसऱ्या बाजूने तुम्ही स्वल्प रिलेटेड..."

मामाने फोन ठेवलाही होता. "ऐकलंस? वेगळी! रंग्या पायरीवरचाच!" त्याने खाली जाऊन चिरोटीचा पुडा आणला आणि गल्लीत वाटला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून रंगनाथचा माणूस चिरोटी वाटत येत होता, कारण तोच रिपोर्ट त्यालाही गेला होता आणि त्याच्या मते थोरला उमेदवार असल्याचं सिद्ध झालं होतं. अन्विताने मला परत फोन करून उरलेलं सांगितलं. दोघांचं नातं कुठून तरी आहे, लांबचं. पण त्यावर फार विसंबू नये, कारण आपल्यात मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्नं इतकी झालीत की रिपोर्टमध्ये सगळेच सगळ्यांचे कुणीतरी निघतात. ती आणि तिचा नवरासुद्धा.

हयग्रीवरावांनी निकाल दिला, की दोघांपैकी एक भिकोबाचा नाही हे सिद्ध झालं, पण कोण ते सिद्ध झालं नाही. दसऱ्यापर्यंत नवीन कागद आला नाही, तर चालत आलेली वहिवाट तशीच राहील: मान वेंकोबाचा, आणि शिळेवर 'भिकोबाचे पुत्र वेंकोबा' असं कोरायचं. म्हणजे मामा जिंकलाच होता. त्याने हातपाय आवरून घरी बसायचं होतं. पण धाकटा रंगनाथ पायरीवर सापडल्याचा सरकारी शिक्का मारलेला कागद त्याला हवा होता. तो मला पुन्हा नजरबादला घेऊन गेला.

तिथे सुमा म्हणाली, "सर, तुम्ही शिंपी म्हणून शोधताय. देवळाचं भांडण असेल तर ते मुजराईत असणार." मुजराई म्हणजे जुन्या म्हैसूर सरकारचं देवस्थानांचं खातं. तिने त्या खात्यातल्या तंट्यांचा एक गठ्ठा काढून दिला. तिसऱ्याच दिवशी मला त्यात भिकोबा सापडला.

तो अर्ज १८७३ सालचा होता, तालुक्याच्या अमलदाराच्या नावे. कुण्या लिहिणाऱ्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतलेला, पण मधेमधे आमचं घरातलं मराठी डोकावत होतं. मी वाचायला लागले आणि मामाला मोठ्याने सांगायला लागले.

"मी तुळसी, भिकोबा शिंप्याची मुलगी. माझ्या बापाला मुलगा नव्हता. मला दोन मुलगे. वेंकोबाचा बाप तापाने वारला. मग जातीच्या रीतीने मी पाट लावला, त्या नवऱ्याचा मुलगा रंगनाथ. बापाचे डोळे गेले तेव्हापासून पाच वर्षं देवाचा अंगरखा मी शिवला, दार लावून. लोक म्हणत भिकोबाची सुई अजून तशीच. आता बाप वारला, तर पंच म्हणतात बाईने शिवू नये, पाटाच्या बाईने तर नाहीच. पाच वर्षं देवाला अंगरखा बसला. देवाने तक्रार केली नाही, मग पंचांना काय झालं? सोबत कापड जोडलं आहे. एक शिवण बापाची, एक माझी. कोणती कुणाची ते हुजुरांनीच ओळखावं."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात पूर्वी ते उघड होत असे. पुढे चार पैसे आले, जानवी आली, मोठ्या लोकांसारखं वागायची हौस आली, आणि घराघरातून पाट झाकले गेले. आमच्या कुटुंबाने तो झाकायला तुळसीच पुसून टाकली आणि तिचे दोन्ही मुलगे उचलून भिकोबाच्या पदरात घातले. बाप दोन, आई एक. अन्विताचा रिपोर्ट अक्षरन्‌अक्षर खरा होता, आणि उमेदवार आणि पायरी या दोन्ही कथा खोट्या होत्या.

अर्जाला खरंच कापड टाचलेलं होतं. हाताच्या पंजाएवढं, एके काळी पांढरं असणार, त्यावर शेजारी शेजारी दोन शिवणी. मामाने चष्मा लावला. सुमाने भिंग दिलं. मामा त्या कापडावर वाकून बसला. "डावीकडची बापाची," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नाही, उजवीकडची." मग अर्धा तास भिंग इकडून तिकडे फिरवत राहिला. जो माणूस वरच्या मजल्यावरून खाली चाललेल्या माणसाचा खांदा ओळखतो, त्याला ते टाके वेगळे करता येईनात. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, ते मी रुमालाने पुसले.

खाली अमलदाराचा शेरा होता: 'हा देवळाचा मामला आहे, सरकारने पडण्याचं कारण नाही. टाके दोन्हीकडचे सारखे दिसतात.'

गाडीत बसल्यावर मामा म्हणाला, "विद्या, हा कागद आपल्याला सापडला नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"सापडला नाही म्हणजे नाही. दसऱ्याला दहा दिवस उरलेत. सुम्नं, गप्प बसायचं. नाहीतर रंग्या माझा भाऊबंद ठरेल, घराण्यात पाट निघेल, आणि मान बाईकडून आलाय म्हटल्यावर माझ्या हातात काय राहतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडी कडेला घेतली. "आणि तुझ्या घरात अंगरखा कोण शिवतं रे?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"दार लावलेलं असतं," मामा म्हणाला. आपण काय बोललो हे त्यालाही बहुधा कळलं, कारण पुढे घर येईपर्यंत त्याने रस्त्यावरच्या एकाच्याही शर्टाला नाव ठेवलं नाही.

मी त्याला शब्द दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मामा खिडकीत बसला असताना मी स्वयंपाकघरात गेले आणि मामीला सगळा अर्ज शब्दन्‌शब्द सांगितला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. मामी घेवड्याच्या शेंगा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"किती वर्षं शिवला तिनं, दार लावून?"

"पाच."

"माझी तीन झाली," मामी म्हणाली, आणि पुढची शेंग मोडली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मामाने भांडण काढून ते संपवलं असतं. त्यात त्याचा हातखंडा आहे. पण हे नुसतं मोजून सांगितलं होतं. खिडकीतून आवाज येईना, म्हणून मी डोकावले. मामा रस्त्याकडे पाठ करून बसला होता. त्या दिवशी तो जेवला नाही, रात्री कढीभात मागून खाल्ला, आणि सकाळी सातला माझ्या दारात हजर. "चल. त्या कागदाची शिक्क्याची नक्कल काढायची आहे. सुमाला म्हणावं बाही आणून दे, फुकट कमी करून देतो." मग थोडं थांबून म्हणाला, "मी म्हणजे वेणी करून देईल."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या पडवीत सभा भरली. मामा उभा राहिला. मला वाटलं होतं तो मलाच वाचायला सांगेल, पण त्याने अर्जाचं आम्ही केलेलं मराठी स्वतः वाचलं. कागद त्याच्या हातात इतका हलत होता की हयग्रीवरावांनी तो दुसऱ्या बाजूने धरला. वाचून झाल्यावर त्याने कागद हयग्रीवरावांच्या हातात सोडला.

"आणखी एक," मामा म्हणाला. "गेली तीन वर्षं देवाचा अंगरखा मी शिवलेला नाही. माझा हात चालत नाही. माझ्या बायकोने शिवला. मी समोर बसून होतो. माझं चुकलं. शिवला हे चुकलं नाही, लपवलं हे चुकलं."

गलका झाला. एकाने उठून सांगितलं की हा देवाशी धोका आहे. दुसरा म्हणाला, तुळसीबाई निदान भिकोबाच्या रक्ताची होती, वहिनी तर नंजनगूडच्या, त्यांचा काय संबंध? मी बोलायला उठणार तोच पलीकडून रंगनाथ उठला. मला वाटलं, आता हा मामाला सोलून काढणार.

"वेंकोबाने शिवू नये हे मी नऊ वर्षं सांगतोय," रंगनाथ म्हणाला. "तीन वर्षं तो शिवतच नव्हता, म्हणजे तीन वर्षं माझंच ऐकलं गेलं. वहिनींबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. उलट तीन वर्षांपासून अंगरखा खांद्यात नीट बसतोय. मी तेव्हाच घरी बोललो होतो, की वेंकोबा म्हातारपणी सुधारला."

"खांद्यात आधी काय झालं होतं?" मामा कडाडला.

"ओढत होता."

"अडतीस वर्षं ओढत होता आणि आज सांगतोस, रंग्या?"

"तू माझ्याशी बोलत होतास कुठे, सांगायला?"

नऊ वर्षांनंतरचं त्यांचं हे पहिलं संभाषण. हयग्रीवरावांनी दोघांना हात करून बसवलं आणि चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता. "हा अर्ज १८७३ साली दाखल झाला," ते म्हणाले. "अमलदाराने तो देवळाकडे पाठवला. देवळाने निकाल दिल्याची नोंद नाही. म्हणजे प्रकरण आजतागायत पेंडिंग आहे. मी शिरस्तेदार असताना माझ्या टेबलावर पेंडिंग काही राहू दिलं नाही. तुळसीबाईंचा अर्ज मंजूर. शिळेवर भिकोबा, खाली मुलगी तुळसी, तिच्याखाली दोन्ही मुलगे. आणि अंगरखा दोन्ही घरांपैकी ज्याच्या हातात सुई चालेल त्याने शिवावा, लेक असो, सून असो. या वर्षी कृष्णवेणीबाई. कुणाची हरकत?"

हरकत होती, दोघातिघांची होती. पण रंगनाथ त्यांच्याकडे वळून असा बघायला लागला, की ती तोंडातच राहिली. त्यातल्या दोघांची मुलं कडकोळला त्याच्या कारखान्यात कामाला आहेत.

मामी बायकांच्या बाजूला बसली होती. तिला विचारलं गेलं, शिवाल ना?

"शिवीन," ती म्हणाली. "पण दार लावणार नाही. आत फार उकडतं. आणि ह्यांना समोर बसवायचं नाही. मोठमोठे श्वास टाकतात, माझा टाका चुकतो."

एकादशीच्या आधी तिने तसंच केलं. दार सताड उघडं ठेवून, पाटावर बसून, सकाळी सहापासून अकरापर्यंत ती शिवत होती. गल्लीतल्या बायका येऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बघून जात होत्या. रंगनाथची सून सहना दोन तास बसली, टाका कसा घालतात ते बघत. मामाला मी माझ्या घरी आणून ठेवला होता. तो दर दहा मिनिटांनी म्हणत होता, "आता काख आली असेल. काखेत घाई करू नये म्हणावं." मी त्याला तीन वेळा कॉफी करून दिली.

संध्याकाळी अंगरखा देवळात द्यायला तो तिच्याबरोबर गेला. तबक त्याला नीट धरवेना, म्हणून तबक मामीने घेतलं आणि तो रिकाम्या हाताने तिच्या शेजारून चालला. ओट्यावर कारकून सेवेची वही घेऊन बसला होता. सेवा करणाऱ्याचं नाव, त्यात मामीने आपलं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. मग कारकुनाने वही मामाकडे सरकवली. सोबत आलेल्याची सही, आणि सेवेकऱ्याशी नातं. इतकी वर्षं त्या वहीत मामाच्या नावापुढे 'भिकोबाचा वंशज' असं लिहिलं जायचं. कारकून सवयीने पेन घेऊन तेच लिहायला लागला होता. मामाने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

त्याला वेळ लागला. मागे रांग खोळंबली, कुणीतरी "अय्यो, लवकर" म्हणालं. अक्षर रकान्यात मावलं नाही, वेडंवाकडं होऊन शेजारच्या रकान्यात गेलं, पण मला ते लांबूनही वाचता आलं. त्याने लिहिलं होतं, 'नवरा'.